संस्कारांची भाषा

नाताळ, पाद्री आणि पाव हे तिन्ही शब्द पोर्तुगीज. नाताळ म्हणजे जन्माचा दिवस, पाद्री म्हणजे बाप. पाव तर आपण मिसळीबरोबर रोज खातो आणि तो समुद्र ओलांडून आला आहे, हे ध्यानातही येत नाही. पण ज्या धर्माबरोबर हे शब्द आले, त्याच्याशी आपली ओळख दारापुरतीच असते. मिस्सा म्हणजे काय, बिशप मोठा की कार्डिनल, असे प्रश्न मनात येतात. विचारायचा मात्र संकोच वाटतो.

कॅथलिक श्रद्धेचा गाभा थोडक्यात असा. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत तो आहे. पुत्र येशू मरियेच्या पोटी माणूस होऊन आला, क्रूसावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला. माझ्या धर्मात हजरत ईसा आदरणीय पैगंबर आहेत, कुराणात मरियमच्या नावाचा एक अध्यायच आहे. पण ईश्वराला पुत्र आहे, हे आम्ही मानत नाही. हा मतभेद आहे आणि तो राहील. शेजाऱ्याची श्रद्धा समजून घ्यायला ती मानावीच लागते असे नाही.

देवाची कृपा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांमधून माणसापर्यंत पोहोचते, असे कॅथलिक मानतात. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, डोक्यावर ठेवलेला हात या त्या खुणा. अशा विधींना साक्रामेंत किंवा संस्कार म्हणतात. ते सात आहेत, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली ठामपणे सांगितले. प्रॉटेस्टंट पंथ बहुधा दोनच मानतात.

पहिला बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा नवा जन्म. दुसरा दृढीकरण. तिसरा ख्रिस्तप्रसाद, मिस्सेत अर्पण केलेली भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, ही श्रद्धा त्यामागे आहे. चौथा प्रायश्चित्ताचा. माणूस धर्मगुरूंपुढे आपली पापे बोलून दाखवतो, आणि जे कानावर आले ते धर्मगुरूंनी कधीही, कोणालाही सांगायचे नसते. पाचवा आजाऱ्याला तेल लावण्याचा, सहावा गुरुदीक्षेचा, सातवा विवाहाचा. जन्मापासून अखेरच्या आजारापर्यंतचा सगळा रस्ता यात आला.

गुरुदीक्षेच्या पायऱ्या तीनच: डीकन, धर्मगुरू आणि बिशप. मिस्सा अर्पण करणे आणि पापांची क्षमा जाहीर करणे हे धर्मगुरूंचे व बिशपांचे काम. नव्या धर्मगुरूंना दीक्षा फक्त बिशप देतात. पोप म्हणजे रोमचे बिशप. कार्डिनल ही चौथी पायरी नव्हे, तो पोपनी दिलेला मान आणि जबाबदारी. ऐंशी वर्षांखालचे कार्डिनल नवे पोप निवडतात. मे २०२५ मध्ये लिओ चौदावे असेच निवडले गेले. सिस्टर या दीक्षेच्या पायऱ्यांत येत नाहीत. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांनी त्या बांधलेल्या असतात.

या काटेकोर व्यवस्थेत दोन गोष्टी मला फार आवडतात. विवाहसंस्कार रोमन परंपरेत वधूवर स्वतःच एकमेकांना देतात. धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षीला असतात. आणि कोणी मरणाच्या दारी असेल, धर्मगुरू जवळ नसतील, तर कोणीही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. तो स्वतः ख्रिस्ती असलाच पाहिजे असेही नाही. चर्चला अभिप्रेत असलेला हेतू मनात धरून पाणी ओतायचे आणि ठरलेले शब्द उच्चारायचे.

शब्द उच्चारायचे, पण कोणत्या भाषेत? आपल्याकडचा इतिहास इथूनच सुरू होतो.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरले. काळ कठोर होता. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले होते, १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली होती. जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या, अशी नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी स्टीफन्स यांनी आपल्या काव्याच्या आरंभी नोंदवली आहे. उत्तर म्हणून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. वैकुंठ, मोक्ष, परमेश्वर हे इथल्या मातीतले शब्द त्यांनी येशूच्या कथेसाठी वापरले. ज्या सत्तेच्या छायेत देवळे पडली, तिच्याच छायेत एक परका माणूस आपल्या ओवीपाशी शिष्यासारखा बसला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगताना दुसरी झाकू नये.

काही शब्द मात्र परकेच राहिले. कोकणी ख्रिस्ती घरात आजही पापनिवेदनाला कुमसार, लग्नाला काजार आणि चर्चला इगर्ज म्हणतात. तिन्ही पोर्तुगीजमधून आलेले. यात नवल नाही. आमच्या घरातले नमाज आणि रोजा हे शब्दही फारसी आहेत. अरबीत ते सलात आणि सौम. धर्म एका भाषेतून येतो, दुसरीत मुक्काम करतो आणि तिसरीत घर करतो.

घर करू द्यायचे नाही, असेही सत्तेला वाटते. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराणाच्या मूळ छापील प्रती आज एकही उरलेली नाही. हस्तलिखितांनी ते जगवले. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणले.

चर्चमध्ये मात्र मिस्सा लॅटिनमध्येच चाले. वसईच्या घराघरांत सामवेदी आणि वाडवळी बोलल्या जात, पण वेदीवरची भाषा वेगळी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली आणि मग मराठी वेदीपाशी पोहोचली. माझी नमाज अरबीत आहे आणि दुआ माझ्या बोलीत. पवित्र भाषेचा दरारा आणि मायबोलीची ऊब यांतली ओढाताण मी जाणतो. आजाऱ्याच्या कपाळावर तेल लागताना कानावर पडणारा शब्द त्याला कळणे, याची किंमत मोठी आहे.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल पुन्हा मराठीत आणले. 'सुबोध बायबल' २०१० साली आले, २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला. जानेवारी २०२० मध्ये हे धर्मगुरू उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. निवड जाहीर झाल्यावर त्यांच्या धर्माकडे बोट दाखवून विरोधही झाला. स्टीफन्स यांच्या ओव्यांना तोवर चारशे वर्षे उलटून गेली होती. २०२४ साली फादर दिब्रिटो गेले. मराठी कोणाची, असे पुन्हा कोणी विचारले, तर वाद घालण्याआधी ख्रिस्तपुराणाची चार पाने मोठ्याने वाचावीत. ओवी कानाला लगेच ओळखू येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)