कडधान्यांतील प्रथिनांच्या संशोधनाचा इतिहास

प्रथिने ही ॲमिनो अम्लांच्या साखळ्यांनी बनलेली, मोठा रेणुभार असलेली नायट्रोजनयुक्त संयुगे असून शरीराच्या वाढीसाठी व झीज भरून काढण्यासाठी ती आवश्यक असतात. त्यांच्या घडणीत मुख्यत्वे २० ॲमिनो अम्ले आढळतात. यांपैकी ९ मानवी शरीरात पुरेशी तयार होत नसल्यामुळे आहारातूनच मिळवावी लागतात; त्यांना आवश्यक ॲमिनो अम्ले म्हणतात.

ॲस्पॅराजीन हे पहिले ॲमिनो अम्ल १८०६ मध्ये फ्रान्समध्ये शतावरीवर्गीय वनस्पतीपासून वेगळे करण्यात आले. ‘प्रोटीन’ ही संज्ञा १८३८ मध्ये मुल्डर यांनी प्रचारात आणली. ॲमिनो अम्ले पेप्टाइड बंधांनी जोडलेली असतात, हे १९०२ मध्ये एमिल फिशर व होफमाइस्टर यांनी स्वतंत्रपणे मांडले. केंब्रिज येथे फ्रेडरिक हॉपकिन्झ यांनी १९०१ मध्ये ट्रिप्टोफेन वेगळे केले. केवळ मक्यातील झाइन या प्रथिनावर ठेवलेले उंदीर जगत नाहीत, परंतु त्यात ट्रिप्टोफेन घातल्यास अधिक काळ तग धरतात, असे १९०६ मध्ये दिसून आले. त्यामुळे प्रथिनाची प्रत केवळ त्याच्या प्रमाणावर नव्हे, तर त्यातील ॲमिनो अम्लांवर ठरते, हे स्पष्ट झाले.

नासिक जिल्ह्यातील नांदगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत या तत्त्वाचे महत्त्व विशेष आहे. बाजरीत सु. ११ टक्के प्रथिने असली, तरी लायसीन कमी असते. मूग, मटकी, हुलगा इ. कडधान्यांत २० ते २५ टक्के प्रथिने असून लायसीन भरपूर, पण मिथिओनीन कमी असते. भाकरी व कडधान्य एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. दूध वा मांस न परवडणाऱ्या कुटुंबाच्या ताटातून दुष्काळात वा महागाईत डाळ नाहीशी झाली, तर पोट भाकरीने भरूनही मुलांची वाढ खुंटू शकते.

महाराष्ट्रात या विषयाच्या संशोधनाला कमला सोहोनी (१९११–९८) यांनी मोठी चालना दिली. १९३३ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये स्त्री म्हणून त्यांना संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रथम प्रवेश नाकारला व नंतर एक वर्षाच्या परिवीक्षेच्या अटीवर दिला. तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे हॉपकिन्झ यांच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेत संशोधन करून त्यांनी १९३९ मध्ये पीएच्.डी. मिळविली.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांच्या पचनीयतेचा प्रश्न हाती घेतला. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सीन या पाचक एंझाइमाच्या कार्यास अडथळा आणणारी प्रथिने असतात. सोयाबिनातील असे प्रथिन अमेरिकेत कुनित्स यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात मिळविले होते. वाल व डबल बीन यांतील प्रथिने मुंबईत स्फटिकरूपात मिळविल्याचे १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरेशी उष्णता दिल्यास ही रोधक प्रथिने बव्हंशी निष्क्रिय होतात. कडधान्ये भिजवून, मोड आणून व नीट शिजवून खाण्याच्या पारंपरिक रीतीस यामुळे रासायनिक आधार मिळाला.