ख्रिस्तभक्ति आणि मराठी वाणी

उपासना परक्या भाषेंत चालली कीं भाविकाच्या मनाला ती पाहुणीच राहते. मूळच्या इंग्लंडच्या, १५७९ मध्यें गोव्यास आलेल्या जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं हें ओळखलें. जुनीं पुराणें अंतरलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठीं त्यांनीं दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. १६१६ मध्यें तें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. परंतु मिसा लॅटिनमध्येंच चालू राहिली, आणि १६८४ मध्यें पोर्तुगीज सत्तेनें लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला. त्या पहिल्या आवृत्तीची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांच्या आधारें.

पुढें प्रॉटेस्टंट पंथांतहि हाच प्रश्न उभा राहिला. मुंबईस १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतलेले कवि नारायण वामन टिळक अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्यें काम करूं लागले. पाश्चात्य चालींवरील गीतांनीं त्यांचें समाधान होईना. तुकोबांच्या अभंगांवर पोसलेल्या त्या मनानें ख्रिस्ताला अभंगांतून आळविलें. अखेर १९१७ मध्यें मिशनचें वेतन सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. तेथें बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाहि स्थान होतें. १९१९ मध्यें ते निवर्तले. अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें (१९६२–६५) कॅथॉलिक उपासनेस लोकभाषेची वाट मोकळी केली. पंथभेद उरलेच, परंतु भक्तीला मातृभाषा हवी, हें फादर स्टीफन्स यांच्या ओवीनें साडेतीन शतकें आधींच सांगून ठेविलें होतें.