पेटीतली मोपेड

सुटे भाग कुठे संपतात आणि गाडी कुठे सुरू होते, हा मुंबई कस्टम्सचा जुना वाद. आज तो जकातीच्या टक्क्यांवरून पेटतो, पण त्याचा जन्म परवान्यातून झाला.

1928 साली जनरल मोटर्सने शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. गाडी खोलून पेट्यांत भरली की बोटीत जागा कमी लागते. मग 1947 चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा आला आणि परदेशी माल आणायचा तर परवाना आवश्यक झाला. परवान्यावर वस्तूचा नोंद क्रमांक असे, आणि पेटीतला माल त्या नोंदीत बसला नाही की जप्ती. 1953 मध्ये सरकारने नुसत्या जुळणीवर चालणारे कारखाने नकोत असं धोरण घेतलं; पुढच्याच वर्षी शिवडीचा कारखाना बंद झाला. तयार वाहनाच्या परवान्याची वाट अरुंद, सुट्या भागांची मात्र उघडी. भांडणाला एवढं पुरे होतं.

ताराचंद गुप्ता अँड ब्रदर्स या पेढीकडे 1956 चा परवाना होता, मोटारसायकल-स्कूटरच्या सुट्या भागांचा. माल दोन वेगळ्या बोटींनी, वेगवेगळ्या तारखांना आला. कस्टम्सने दोन्ही खेपा एकत्र मांडल्या आणि म्हटलं, हे तर 51 रिक्से मोपेड आहेत, फक्त खोललेल्या! टायर, ट्यूब आणि सीट त्यात नव्हत्याच. तरीही माल जप्त झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1971 मध्ये निकाल पेढीच्या बाजूने लागला: आलेला माल परवान्यावरच्या नोंदीत बसतो का, एवढंच अधिकाऱ्याने पाहायचं; दोन खेपा जोडून त्यातून वाहन उभं करायचं नाही.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पेटी उघडली जाते त्या क्षणी आयातदाराला आपण कायद्यात आहोत की नाही हे कळलं पाहिजे. पुढे कुणी त्या भागांचं काय करील, यावरून आजचा माल गुन्हेगार ठरू लागला तर प्रामाणिक माणसानेही कागद कसे भरायचे?

पण 1986 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरण स्वीकारलं आणि त्याबरोबर एक नियम आला: खोललेली वस्तू ही पूर्ण वस्तूच समजावी. 1990 मध्ये शार्प बिझनेस मशीन्सच्या खटल्यात, भाग म्हणून दाखवलेला माल म्हणजे तयार फोटोकॉपी यंत्रंच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मानलं. तिथे कस्टम्सचं बरोबर होतं. यंत्र तयार करून मग खोलणं ही पळवाटच.

1991 नंतर बहुतेक औद्योगिक मालाचा परवाना गेला, वाद मात्र उरला, कारण दरांत तफावत होती. सुट्या गाडीच्या संचावर, म्हणजे सीकेडीवर, 30 ते 35 टक्के. भागांवर 5 ते 15. 2011 च्या अर्थसंकल्पात सीकेडीची व्याख्या करावी लागली, इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच जोडलेले असले तर काय, यासाठी.

सप्टेंबर 2024 मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला 1.4 अब्ज डॉलरची नोटीस मिळाली. आरोप असा, की जवळजवळ अख्खी गाडी वेगवेगळ्या खेपांत भाग म्हणून आणली. जुळणी छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तिने सांगितलं, की आयातीची ही पद्धत सरकारला आधीच कळवली होती, 2011 मध्ये त्यावर खुलासाही मिळाला होता. नोटिशीतला माल मात्र 2012 पासूनचा आहे.