रेडफिश व सीट्राउट यांची हिवाळी गळमासेमारी

रेडफिश व ठिपकेदार सीट्राउट हे मासे थंडीत खाड्या, खाजणे व भरतीच्या नाल्यांत हलकी काठी आणि बारीक दोरी वापरून पकडण्याचा क्रीडाप्रकार. टेक्सस ते फ्लॉरिडा या अमेरिकी किनाऱ्यावर तो रुजला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पिनिंग रीळ सहज मिळू लागल्यावर त्याचा प्रसार वाढला. दोन्ही मासे घोळ-ढोम्यांच्या सायनिडी कुलातील आहेत (→ घोळ).

उत्तरेचा गार वारा सुटला की पाणी खाडीबाहेर लोटले जाते, उथळ भाग उघडे पडतात व मासे खोल खळग्यांत एकवटतात. उन्हाने तापणाऱ्या काळ्या चिखलावर दुपारी ते पुन्हा चरायला येतात. थंड पाण्यात त्यांची हालचाल व भूक मंदावते. म्हणून ३.५ ते ७ ग्रॅम वजनाच्या गरीला लावलेले मऊ प्लॅस्टिकचे आमिष तळालगत अगदी सावकाश ओढावे लागते, सारे कौशल्य या संथपणात आहे (→ गळ, आमिष).

टेक्ससने १९८१ मध्ये आपल्या पाण्यातील या दोन्ही माशांची विक्री बंद केली. फेब्रुवारी २०२१ मधील थंडीच्या कडाक्यात टेक्ससच्या किनाऱ्यावर विविध जातींचे सुमारे ३८ लाख मासे मेले. सीट्राउटची हानी मोठी असल्याने त्याच्या पकडमर्यादा पुढे कडक करण्यात आल्या (→ मत्स्यसंवर्धन).