वळणावरचा झेंडा

झिरो माइलच्या दगडापाशी तुमची स्कूटर दोन गचके खाते आणि बंद पडते. २०२५चा ऑगस्ट, पोळा तोंडावर. आरशाच्या दांडीला एक कापडी तिरंगा अजून बांधलेला आहे, पंधरा ऑगस्टला व्हरायटी चौकात दहा रुपयांना घेतलेला. आठवडाभराच्या पावसाने त्याचा हिरवा पांढऱ्यात उतरलाय. टाकवत नाही, आणि ठेवावा तर अवतार असा. तेवढ्यात खिशात फोन थरथरतो.

पुतणीचा फोटो आहे, बर्मिंगहॅमहून. तिच्या गल्लीतल्या एकेका विजेच्या खांबावर पांढऱ्या कापडावरचा लाल क्रूस, इंग्लंडचा सेंट जॉर्जचा झेंडा. खाली तिने लिहिलंय, ‘काका, दोन दिवसांत लागले हे सगळे. फुटबॉलचा वर्ल्ड कप तर पुढच्या वर्षी आहे. महापालिकेने काही काढले, ते परत लागले. घाबरू का नको, तेवढं सांगा.’

तुम्ही ‘अगं’ एवढं लिहिता आणि थांबता. फोन खिशात टाकून किक मारता. पहिल्या किकला धूर निघतो, दुसऱ्या किकला काहीच होत नाही. तिसऱ्या किकला पायाखाली स्कूटरच नसते.

ऊन आहे. नागपुरी मे महिन्याचं, डोळ्यांच्या बाहुल्या भाजणारं. डांबर जाऊन लाल मुरूम आलाय आणि त्यावरून एक टांगा खडखडत जातोय. वर सीताबर्डीच्या टेकडीवर किल्ला जिथल्या तिथेच दिसतो. त्याच्यावर फडकतोय मात्र युनियन जॅक. १८१७च्या नोव्हेंबरात या टेकडीवर भोसल्यांची फौज हरली, तेव्हापासून या गावाला त्याची सवय आहे. त्याला कोणी परवाना विचारत नाही.

हे १९२३ साल. तुमच्या हातात तेवढा तो दहा रुपयांचा झेंडा उरलाय.

समोरून दहा जण चालत येतात. खादीचे सदरे घामाने पाठीला चिकटलेले, पुढच्याच्या हातात बांबू आणि बांबूला झेंडा. वरचा पट्टा पांढरा, मधला हिरवा, खालचा लाल, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. घोषणा नाहीत. उन्हात घसा सुकलाय म्हणून असेल, किंवा तसं ठरलं असेल.

टांगेवाला घोड्याला पाणी दाखवता दाखवता म्हणतो, “आजचे दहा निघाले बावा. गेले की आत.”

“कुठे आत?”

“जेलात, अन् कुठं? रोजचंच होऊन राहिलं हे. एक मेपासून.”

त्याच्याकडून आणि रस्त्याकडेच्या कुजबुजीतून गोष्ट जुळत जाते. तेरा एप्रिलला, जालियनवाला बागेच्या दिवशी, झेंडा घेऊन मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे निघाली होती. पोलिसांनी ती वाटेतच अडवून झोडपली. त्याआधी मार्चात जबलपुरात टाउन हॉलवर हाच झेंडा चढला होता, म्हणून सरकार आधीच चिडलेलं. गांधीजी येरवड्यात सहा वर्षांची शिक्षा भोगताहेत. सूत्रं वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी हातात घेतलीत, ज्यांनी सरकारची रायबहादुरी परत केली तेच हे शेठजी. सरकारचं म्हणणं असं, की झेंडा खुशाल नाचवा, फक्त सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर नको. तिथे साहेब लोक राहतात, त्यांना त्रास होतो. त्यासाठी जमावबंदीचं कलम १४४.

तुम्ही त्या दहांच्या मागे चालू लागता. सगळ्यात मागचा पोरगा विशीचाही नसावा. त्याची नजर तुमच्या हाताकडे जाते.

“हे कोन्तं निशान हाये, भाऊ?”

“आपलंच आहे.”

“आपलं? चरखा कुठं गेला याच्यातला? अन् लाल कुठं हाय?”

काय सांगणार? लालाचा केशरी १९३१ साली झाला, तेव्हाच ‘हा रंग हिंदूंचा, तो मुसलमानांचा’ हा हिशेब काँग्रेसने पुसून टाकला, आणि १९४७ साली चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं, हे त्याला सांगून कळणार आहे का? त्याच्या झेंड्यात तो हिशेब अजून जिवंत आहे. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी साऱ्या धर्मांचा. पट्ट्यांच्या क्रमामागे गांधीजींचा एक विचार आहे: संख्येने सगळ्यात कमी ते सगळ्यात वर, आणि बलवानाने दुर्बळाची ढाल व्हायचं. म्हणजे ज्याला या पोराने आपल्या बंगल्यासमोरून जाणं खपत नाही, तो चर्चला जाणारा साहेबसुद्धा याच झेंड्यात आहे. तोही सगळ्यात वरच्या पट्ट्यात. हे त्या साहेबाला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. सांगितलं तरी पटलं असतं का, कोण जाणे.

वळण येतं. पलीकडे झाडांची सावली, आखलेले रस्ते, मोठाली आवारं. वळणावर पोलिसांची रांग उभी आहे. पगड्या, लाठ्या, सगळे आपल्यासारखेच काळेसावळे चेहरे. मागे घोड्यावर बसलेला गोरा फक्त एक.

इथे एक गोष्ट तुमच्या ध्यानात येते. पोलिसांच्या रांगेतून एक भिस्ती पखाल घेऊन आरामात आत जातो. त्याच्या मागून कपड्यांचं गाठोडं घेतलेला धोबी. एक आया, एक माळी, अंड्यांची टोपली घेतलेला खानसामा. कुणीच त्यांना अडवत नाही. बंगल्याच्या दारातल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारे हात इकडचेच, आतला पंखा ओढणारा हातही इकडचाच. सिव्हिल लाइन्समध्ये दिवसभर गोऱ्यांपेक्षा काळेच जास्त असतात. त्यांच्यापासून साहेबाला त्रास नाही. हेच लोक हातात बांबू धरून, मान वर करून आले की त्रास. माणूस चालतो, त्याचा झेंडा चालत नाही.

एका व्हरांड्यात एक मडम उभी आहे. हाताने उन्हाची तिरीप अडवून ती इकडेच बघतेय. तिच्यावर रागावणं सोपं आहे, पण तुम्हाला जरा वेगळंच वाटतं, कारण ती पुतणीसारखीच उभी आहे. परक्या मुलखात, दारासमोर अनोळखी झेंडा, आणि मनात कुठली तरी बातमी. हिच्या मनात चौरीचौरा असेल. गेल्याच वर्षी फेब्रुवारीत जमावाने तिथली चौकी पेटवून बावीस पोलिसांना मारलं होतं. तिची भीती नाटकी नाही. पण तिच्या एका भीतीपायी कलम निघतं, लाठ्या उभ्या राहतात, तुरुंगाची दारं उघडतात. तुमच्या पुतणीची भीती फोनवरून काकापर्यंत येते आणि तिथेच थांबते.

दहा जण वळणावर बसतात. हवालदार एकेकाला उठवतो. तो मागचा पोरगा जाता जाता तुमचा झेंडा पुन्हा एकदा निरखून बघतो. “चरखा लावून घ्या,” एवढं सांगून तो पोलिसांच्या गाडीत चढतो.

मग दिवस भराभर उलटतात. जूनमध्ये जमनालालजी पकडले जातात. अठरा महिने सक्तमजुरी आणि तीन हजार रुपये दंड. दंड भरत नाहीत म्हणून सरकार त्यांची मोटार जप्त करून लिलावात काढतं. लिलावाची गर्दी तुम्ही बघता: बघे पुष्कळ, बोली एकही नाही. सबंध नागपुरात ती मोटार घेणारा माणूस सापडत नाही, शेवटी ती विकायला पार काठेवाडात न्यावी लागते. (नागपूरकराने फुकटात मिळणारी गोष्ट सोडली, असं इतिहासात फार वेळा घडलेलं नाही.) विनोबा तुरुंगात जातात. सुभद्राकुमारी चौहान जातात. हुबळीहून डॉ. हर्डीकरांची पोरं येतात, गुजरातेतून, बिहारमधून येतात. दीड हजारांवर माणसं आत. जुलैत वल्लभभाई पटेल येऊन सूत्रं हातात घेतात. ‘सरदार’ व्हायला अजून पाच वर्षं आहेत, बारडोली व्हायची आहे.

अठरा ऑगस्टला तुम्ही पुन्हा त्याच वळणावर आहात. आता पाऊस आहे. मिरवणूक येते, झेंडा पुढे. पोलीस आहेत, पण रस्त्याच्या कडेला. मिरवणूक वळते, सावलीत शिरते आणि सिव्हिल लाइन्समधून सरळ पलीकडे निघून जाते. कोणाचीही खिडकी फुटत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला तुरुंग रिकामे होऊ लागतात. तो चरख्यावाला पोरगा त्यांत दिसतो का म्हणून तुम्ही मान उंचावून बघता. दिसत नाही.

गर्दीचा लोंढा तुम्हाला एका फाटकातून आत ढकलतो. हातात तिकीट आलंय, समोर हिरवंगार मैदान. अजूनही सिव्हिल लाइन्सच, पण २००६चा मार्च. विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर भारत-इंग्लंड कसोटी. कठड्यावर पांढऱ्या चादरी वाळत घातल्यासारखे झेंडे लटकलेत, प्रत्येकावर लाल क्रूस, आणि क्रूसाच्या आडव्या पट्टीवर काळ्या अक्षरांत त्यांच्या त्यांच्या गावांची, फुटबॉल क्लबांची नावं. त्यांचे मालक उघड्या अंगाने उन्हात बसून टोमॅटो झालेत. इथे त्यांना कोणी १४४ लावत नाही. शेजारचा माणूस त्यांना संत्री सोलून देतोय.

इंग्लंडकडून तिघे पहिल्यांदाच खेळताहेत, त्यांतले दोघे लक्षात राहणारे. एक आहे एकवीस वर्षांचा अॅलिस्टर कुक, जो दुसऱ्या डावात शतक ठोकणार आहे. दुसरा पटका बांधलेला डावखुरा फिरकीपटू, माँटी पनेसर. घर लुटन, आईबाप पंजाबी शीख. सचिन सोळावर खेळतोय. माँटीचा चेंडू पॅडवर आदळतो, बोट वर जातं. पायचीत! पहिली कसोटी, पहिला बळी, आणि तोही सचिन. सारं मैदान गप्प होतं. आवाज फक्त त्या लाल क्रूसांच्या खालून येतो, आणि तो या सरदाराच्या पोराच्या नावाचा असतो.

हे इथेच थांबवता आलं असतं तर पुतणीला उत्तर देणं सोपं होतं. पण तीनच वर्षांनी, २००९ साली, त्याच लुटनमध्ये इंग्लिश डिफेन्स लीग उभी राहिली. तिचे मुसलमानांविरुद्धचे मोर्चे निघाले ते याच झेंड्याखाली. आणि त्याच्याही मागे जा: १९८४ साली इंग्लंडच्या जॉन बार्न्सने ब्राझीलला माराकानावर चकवत-चकवत अजरामर गोल केला, इंग्लंड दोन-शून्यने जिंकलं. त्या दौऱ्यात विमानात नॅशनल फ्रंटवाले काही ‘चाहते’ होते. ते एक-शून्य, एक-शून्य गात राहिले. काळ्याचा गोल ते धरत नव्हते. २०२१च्या जुलैत वेम्ब्लीवर युरोची फायनल पेनल्टीवर गेली. इंग्लंडचे रॅशफर्ड, सँचो, साका, तिघेही काळे, चुकले, आणि त्या रात्री तिघांच्या वाट्याला काय शिव्या आल्या ते जगाने वाचलं. जिंकला तर आमचा, हरला तर तुमचा. एकाच कापडाखाली दोन्ही प्रकारची माणसं उभी असतात आणि लांबून ती सारखीच दिसतात. इंग्रज चाहत्याला विचाराल तर तो चिडतो. आजोबांपासूनचा झेंडा आहे, टोळभैरवांनी पळवला म्हणून मी का सोडू? त्याचं चूक आहे असंही म्हणता येत नाही.

तुम्ही मान हलवणार, इतक्यात खुर्ची बदलते. वानखेडे, ऑक्टोबर २००७, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना. आजूबाजूला तिरंगेच तिरंगे, गालांवर रंगवलेले, पाठीवर पांघरलेले. सीमारेषेजवळ ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स उभा आहे, आणि काही जण त्याच्याकडे बघून माकडासारखे काखा खाजवून दाखवताहेत. फोटो निघाला. चौघांना पोलिसांनी पकडलं. बाकीचे? बाकीचे हसत होते. तुम्ही तेव्हा नागपुरात घरी टीव्हीसमोर होतात. तुम्हीही म्हणाला होतात, ‘एवढं काय त्यात.’

पाऊस तोंडावर येतो. झिरो माइल. स्कूटर आहे, आरशाला झेंडा आहे, चरखा नाही.

या वळणावर मोर्चे आजही अडतात. आत विधानभवन आहे. दर हिवाळी अधिवेशनाला बांबूंचे अडसर लागतात, झेंडे अलीकडेच थांबतात. २३ नोव्हेंबर १९९४ला इथेच गोवारी समाजाचा मोर्चा थांबवला होता आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, बायका-पोरंच जास्त. त्यांचं स्मारक इथून हाकेच्या अंतरावर आहे. तुम्ही रोज त्याच्यासमोरून ऑफिसला जाता.

फोन काढता. ‘अगं’च्या पुढे लिहिता: ‘झेंडे लावणारे कोण, पाहिलंस का?’

लगेच उत्तर येतं. ‘पाहिलं. एक तर समोरचाच आहे. लॉकडाऊनमध्ये आम्हाला दूध आणून द्यायचा तो.’

‘मग विचार त्याला, का लावला म्हणून.’

बराच वेळ नुसते टिंब हलत राहतात. ‘विचारू? आणि तो नीट सांगेल, की दूध आणताना जसा हसायचा तसा हसेल फक्त? काका, तुम्ही असते तर विचारलं असतं?’

तुम्ही फोन खिशात ठेवता. चौथ्या किकला स्कूटर सुरू होते. वळणावर पोलीस हात आडवा करतो. तुमचा हात आपोआप आरशाकडे, त्या ओल्या फडक्याकडे जातो, आणि छातीत एक ठोका चुकतो.

“काहून हो काका,” तो म्हणतो, “हेल्मेट कुठं हाये?”