अप्रेंटिसची डिग्री: पाच फुटांचा मुलगा आणि जेट इंजिन

आजचा भाग एका प्रश्नावरून सुचला. इंग्लंडमधल्या आपल्या मराठी घरांतली काही मुलं बारावीनंतर विमानाच्या इलेक्ट्रिकल आणि एव्हिऑनिक्स इंजिनिअरिंगची 'डिग्री अप्रेंटिसशिप' घेतात. म्हणजे कंपनीत नोकरी, महिन्याला पगार, सोबत विद्यापीठाची डिग्री, आणि फी स्वतःच्या खिशातून नाही. पण घरचे विचारतात, "अप्रेंटिस? म्हणजे आयटीआय करून कारखान्यात जातात, तसंच ना?"

या प्रश्नात 'हाताने काम करणारा वेगळा आणि डोक्याने काम करणारा वेगळा' असा समज आहे. हा समज काही फक्त आपलाच नाही, ब्रिटनमध्येही तो चांगला मुरलेला होता. म्हणून आज फ्रँक व्हिटलची गोष्ट सांगतो.

व्हिटल १९०७ साली कॉव्हेंट्रीत जन्मला. वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं, तिथेच तो यंत्रांशी खेळत वाढला. १९२३च्या सुरुवातीला त्याने रॉयल एअर फोर्समध्ये अप्रेंटिस व्हायला अर्ज केला. लेखी परीक्षा पास, पण उंची जेमतेम पाच फूट, म्हणून नकार. पठ्ठ्याने व्यायाम करून तीन इंच उंची वाढवली, तरी पुन्हा नकारच! मग पहिल्यापासून नवा अर्ज भरला आणि त्याच वर्षी क्रॅनवेलला दाखल झाला. तिथे तीन वर्षं विमानाच्या दुरुस्तीचं शिक्षण घेतलं.

त्याच क्रॅनवेलमध्ये अधिकारी घडवणारं कॉलेजही होतं. जागा एकच, पण दुनिया दोन. अप्रेंटिसमधून तिकडे जायची संधी अगदी मोजक्या मुलांना मिळायची. व्हिटलला ती १९२६ साली मिळाली. १९२८ साली त्याने प्रबंध लिहिला: विमानं खूप उंचावरून, तेव्हाच्या विमानांपेक्षा कितीतरी जास्त वेगाने उडू शकतील. जानेवारी १९३०मध्ये त्याने जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा वय फक्त २२!

पण सरकारने त्यात रस घेतला नाही. एअर फोर्सने त्याला पुढे केंब्रिजला पाठवलं. तिथे शिकत असताना, १९३५ साली पेटंटच्या नूतनीकरणाची वेळ आली. फी होती ५ पौंड. सरकार भरेना, त्यालाही परवडेना. पेटंट गेलं.

तरी गडी थांबला नाही. १९३६ साली प्रथम श्रेणीत डिग्री घेतली आणि १२ एप्रिल १९३७ला त्याचं इंजिन रग्बीत पहिल्यांदा सुरू झालं. पण ऑगस्ट १९३९मध्ये जर्मनीचं जेट विमान आधी उडालं. व्हिटलच्या इंजिनावरचं ग्लॉस्टर विमान उडालं १५ मे १९४१ला, आणि तेही क्रॅनवेलवरूनच.

मला यात महत्त्वाचं काय वाटतं, सांगू? धातू हाताळलेला माणूस आणि गणित मांडणारा माणूस एकाच अंगात होता, म्हणून हे जमलं. पण त्या दोघांना एकत्र यायला १३ वर्षं लागली, आणि प्रत्येक दारावर नशीब लागलं. असे किती व्हिटल दारातूनच परत गेले असतील?

पुढे विमानंही बदलली. १९६९ साली उडालेल्या काँकॉर्डमध्ये वैमानिकाच्या हाताची हालचाल विजेच्या संकेतांनी पंखांच्या हलत्या भागांपर्यंत जायची. १९८७ साली उडालेल्या एअरबस ए-३२०मध्ये हे काम डिजिटल कॉम्प्युटर करू लागले. आता बिघाड शोधायचा तर तारही तपासता आली पाहिजे आणि त्यामागचं गणितही कळलं पाहिजे. नुसती डिग्री किंवा नुसता पाना पुरत नाही.

इंग्लंडमध्ये २०१५ साली डिग्री अप्रेंटिसशिप सुरू झाली. एप्रिल २०१७पासून ज्यांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे, त्या कंपन्यांवर ०.५ टक्के लेव्ही लागली. शिकवण्याचा पैसा त्यातून येतो.

हे सगळं गोडगोड नाही बरं का. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. दिवसभर नोकरी करून असाइनमेंट पूर्ण करायच्या म्हणजे कॉलेजची मजा कमीच. आणि इथून स्टुडंट व्हिसावर जाऊन ही अप्रेंटिसशिप करता येत नाही, त्यामुळे एजंटच्या भूलथापांना बळी पडू नका.

पण कुणी "अप्रेंटिसच ना?" म्हणालं, तर सांगा: जेट इंजिनाचं पेटंट घेणारा हा माणूसही अप्रेंटिसच होता. भेटू पुढच्या भागात!