उऱ्होबो काष्ठमूर्ती
दक्षिण नायजेरियातील उऱ्होबो लोकांच्या उपासनेतील पारंपरिक लाकडी मूर्ती. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम भागात, १९९१ मध्ये निर्माण झालेल्या डेल्टा राज्यात, उऱ्होबोंची मुख्य वस्ती आहे. बेनिनचे एडो, तसेच इजो, इत्सेकिरी व इसोको हे त्यांचे शेजारी होत. बेनिनची कला राजाश्रयाने वाढली व तेथील ओतीव धातुशिल्पांमुळे जगप्रसिद्ध झाली. उऱ्होबो समाज मात्र वीसहून अधिक स्वायत्त गटांत विभागलेला असून सर्वांवर सत्ता चालविणारा एकच राजा त्यांच्यात नव्हता. त्यामुळे येथील मूर्ती राजाची नसून गावाची, कुळाची किंवा एखाद्या व्यक्तीची असे.

गावाच्या देवघरातील मूर्ती ‘एजो’ नावाच्या शक्तींच्या असतात. या शक्ती पाण्यात, अरण्यात व वाऱ्यात वास करतात, अशी श्रद्धा आहे. काही मूर्ती जवळजवळ पुरुषभर उंचीच्या आढळतात. गावाच्या मूळ वीरपुरुषाच्या रूपातील मूर्तीच्या हाती शस्त्रे, छातीवर औषधी भोपळ्या आणि कपाळावर उभ्या व्रणरेषा कोरलेल्या असतात. तिच्याभोवती अनुचरांच्या व स्त्रियांच्या मूर्ती असतात. त्यांत तान्ह्या मुलाला घेतलेली माताही दिसते. मूर्तींना पांढरी माती फासतात. पांढरा रंग हा पावित्र्याचा व दैवी सान्निध्याचा द्योतक मानतात.

‘इफ्री’ हा प्रकार याहून वेगळा व अधिक अर्थपूर्ण आहे. खाली जबडा वासलेला, सुळे दाखविणारा चतुष्पाद आणि त्यावर आरूढ झालेली मानवाकृती, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. एवढ्यावरून ती युद्धदेवता आहे, असा समज सहज होतो. पण तो अपुरा आहे. इफ्री योद्ध्याला बळ देते हे खरे. परंतु हट्टी, तापट व भांडखोर माणसाचा आवेश आवरण्याचे कामही तिच्याकडेच असते. तो जबडा माणसाच्या आक्रमक वृत्तीचे प्रतीक होय. तिला नैवेद्य व बळी देऊन शांत ठेवावे लागते. उपेक्षा झाल्यास ती धन्यावरच उलटते, असे मानतात. सतत रडणाऱ्या, आजारी मुलासाठीही लहान इफ्री करवून घेत. गुलामांच्या व्यापाराने व परस्परांतील लढायांनी अस्थिर झालेल्या या मुलखात शौर्याची जितकी गरज होती, तितकीच त्याच्या संयमनाचीही होती, हे लक्षात घेतल्यास या शिल्पाचा उग्रपणा उलगडतो.

दमट हवा व वाळवी यांमुळे जुन्या मूर्ती फारशा टिकल्या नाहीत. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर अनेक देवघरे ओस पडली. विसाव्या शतकात कित्येक मूर्ती परदेशी संग्राहकांकडे गेल्या. तेथे त्या धुतल्या-पुसलेल्या व एकेकट्या मांडलेल्या दिसतात. परिवारासह पाहावयाच्या मूर्तीच्या बाबतीत ही हानी मोठीच म्हटली पाहिजे. पर्किन्स फॉस या अमेरिकन अभ्यासकाने १९७० नंतरच्या दशकात लिहिलेल्या लेखांमुळे त्यांचा मूळ संदर्भ अभ्यासकांपुढे आला. २००४ मध्ये न्यूयॉर्क येथे उऱ्होबो कलेचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. अग्बारा-ओतोर येथे १९३२ मध्ये एका काष्ठशिल्पकाराच्या घरी जन्मलेले ब्रूस ओनोब्राक्पेया यांनी हीच रूपे आपल्या मुद्राचित्रांत नव्याने योजिली आहेत.